निवृत्तीच्या पैशातून लायका घ्यावा का?

पत्र

मी चिपळूणजवळच्या एका गावात राहतो. शाळेतली नोकरी येत्या मे महिन्यात संपतेय. फोटोचा नाद जुना आहे. सध्या निकॉनचा लहान सेन्सरवाला डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-१४० झूम वापरतो. शिमग्याच्या पालख्या, मासळीबाजार, सड्यावरची गुरं असं काढत असतो, आणि आता दोन वर्षांची नात. गेल्या वर्षी पुण्यात एका परिचितांचा लायका एम १० हा जर्मन कॅमेरा हातात घेतला आणि तो काही डोक्यातून जात नाही. एका विक्रेत्यानं वापरलेला एम १० आणि ३५ मिमीची समिक्रॉन लेन्स मिळून साडेपाच लाख सांगितलेत. सौ. म्हणते, तेवढ्यात माडीचं छप्पर नवं होईल. मुलगा म्हणतो, फोन आहे ना. मेहुणा दुबईला असतो, तो म्हणतो जुना कशाला, मी नवाच आणतो. मला वाटतं, हातानं घडवलेली वस्तू आहे, जन्मभर टिकेल, उद्या विकली तरी पैसे वसूल होतील. खरंच एवढ्या किमतीचा असतो का हा कॅमेरा? जवळचा-लांबचा असा एकत्र चष्मा आहे, तेही सांगून ठेवतो.

उत्तर

नमस्कार सर,

आत्ता घेऊ नका. छप्पर करायचं की नाही हा तुमच्या घरातला प्रश्न, त्यात मी पडत नाही. चिरंजीवांचं म्हणणं तर मला मुळीच पटत नाही. माझी कारणं वेगळी आहेत आणि ती जरा लांबण लावून सांगावी लागतील, कारण तुमच्या एका प्रश्नात तीन-चार प्रश्न गुंतलेत.

फोटो चांगले येतील का, हे आधी मिटवू. नाही येणार. एम १० हा २०१७ चा कॅमेरा आहे, २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा मोठा. त्या काळातल्या इतर कंपन्यांच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांतून निघणारी फाइल त्याच्या तोडीची असते, अंधारात काही वेळा सरसच. ३५ समिक्रॉन मात्र अप्रतिम लेन्स आहे. तरी एफ ८ वर, म्हणजे लेन्सचं भोक लहान ठेवून, काढलेला मासळीबाजाराचा फोटो छापून भिंतीवर लावलात, तर तो कुठल्या लेन्सनं काढलाय हे मलाही ओळखता येणार नाही.

मग पैसे जातात कुठे? पहिली गोष्ट, माणसांच्या हातात. जर्मनीतल्या वेट्झलारला, लायकाच्या गावी, लेन्सच्या काचांच्या कडा आजही ब्रशनं काळ्या रंगवल्या जातात, म्हणजे आतल्या आत प्रकाश परावर्तित होत नाही. फोकसचे पितळी आटे एकमेकांशी घासून जुळवले जातात. लेन्सची रिंग फिरवताना तुम्हाला पुण्यात जे जाणवलं असेल ते हेच. दुसरी गोष्ट, नग कमी निघतात, त्यामुळे प्रत्येक नगावर खर्चाचा बोजा जास्त. आणि तिसरी, नाव. जर्मन हातांच्या गोष्टीतही थोडी अतिशयोक्ती आहे असं धरून चला. पोर्तुगालमध्ये लायकाचा कारखाना १९७३ पासून आहे आणि जुळणीचं बरंचसं आधीचं काम तिथे होतं. त्यात वाईट काही नाही, तिथले कारागीरही तितकेच तयार आहेत. पण जाहिरातीतला तो पांढऱ्या कोटातला म्हातारा कारागीर एकटाच सगळा कॅमेरा बनवत नाही.

नावाचं म्हणाल तर लायका लिहिलेली ती लाल टिकली अनेक ठिकाणी चिकटते. लायकाचा डी-लक्स ७ हा मुळात पॅनासॉनिकचा एलएक्स १०० मार्क २, बाहेरून थोडा वेगळा आणि किमतीला चढा. शाओमीच्या काही फोनवरही २०२२ पासून लायकाचं नाव येतं. चिरंजीवांचा फोन पालथा करून बघा, कदाचित घरात एक लायका आधीच असेल.

एम मालिकेचं तसं नाही. तिथे खरंच काहीतरी वेगळं मिळतं. ऑस्कर बार्नाक या जर्मन अभियंत्याचा छोटा कॅमेरा, म्हणजे पहिला लायका, १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत विक्रीला आला, तेव्हा त्याचं मोल सरळ होतं: सिनेमाची ३५ मिमी फिल्म वापरणारा, कोटाच्या खिशात मावणारा, हातात धरून काढता येणारा कॅमेरा. गंभीर कामाला तेव्हा बहुतेक जण मोठी पेटी आणि तिवई वापरत. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात फिरले ते असाच छोटा कॅमेरा घेऊन. ३० जानेवारी १९४८ ला, गांधीजींच्या हत्येच्या काही तास आधी, बिर्ला भवनात ते त्यांना भेटले होते. लहान आकार आणि हळू आवाज ही तेव्हा लायकाची जवळजवळ मक्तेदारी होती. आज ती उरलेली नाही. फुजीच्या एक्स १०० चं शटर एमपेक्षाही हळू वाजतं, आणि मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर लावलंत तर आवाजच येत नाही. ‘लायका म्हणजे कुणाला न कळता फोटो’ हे कारण देऊन आज कुणी पैसे घालत असेल तर त्याला अडवा.

उरतं ते दोन गोष्टींत. काचेत आणि खिडकीत.

काच म्हणजे लेन्स. १९५४ साली एम ३ आला तेव्हा लेन्स बसवायचा जो माउंट केला, तोच आजच्या डिजिटल एमवर आहे. म्हणजे १९५४ ची लेन्स आज बसते, फोकसही नीट होतो आणि आजची लेन्स त्या एम ३ वर चालते. त्याआधीच्या आट्याच्या लेन्सही एका पातळ रिंगनं बसतात. सत्तर वर्षं एकच माउंट आणि तोही पूर्ण यांत्रिक, हे फार कमी ठिकाणी सापडेल. लेन्समध्ये मोटर नाही, चिप लागत नाही, रबर जवळजवळ नाही. बुरशी लागू दिली नाही तर ती तुमच्या नातीच्या मुलांनाही वापरता येईल. तुमचं ‘जन्मभर टिकेल’ हे इथे शब्दशः खरं आहे.

बॉडीला, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला, मात्र ते लागू पडत नाही, आणि तुमच्या हिशेबातली मोठी गफलत इथेच आहे. फिल्मचा एम ३ बॅटरीशिवाय चालतो. १९८४ च्या एम ६ ला बॅटरी लागते ती फक्त लाइटमीटरला, शटर पूर्ण यांत्रिक. असा कॅमेरा पन्नास वर्षांनी उघडून, धुऊन, तेल घालून परत चालू करणारी माणसं जगात आहेत. एम १० मात्र पितळी डब्यात घातलेला संगणक आहे. डबा शंभर वर्षं टिकेल, आतलं सर्किट, सेन्सर आणि बॅटरी नाही टिकणार. एम ९ चं उदाहरण घ्या. २००९ चा, लायकाचा पहिला फुल फ्रेम डिजिटल एम, तेव्हा सात हजार डॉलरचा. पुढे त्याच्या सेन्सरवरच्या काचेला गंज चढतो असं निघालं. काही वर्षं कंपनीनं सेन्सर फुकट बदलून दिले, मग पैसे घेऊन, आणि शेवटी बदली सेन्सरच संपले. आज न बदललेला, गंजका एम ९ म्हणजे सुंदर पेपरवेट. आणि पितळेचंही फार मनावर घेऊ नका. २०२२ च्या एम ११ ची काळी बॉडी वरून अ‍ॅल्युमिनियमची आहे, वजन कमी करायला. चंदेरीत पितळ आहे. काळी खांद्याला बरी वाटते, पण ‘पितळ म्हणजेच लायका’ हा मुद्दा कंपनीनंच सोडून दिलाय.

म्हणून किंमत टिकण्याचं गणितही दोन तुकड्यांत करा. लेन्सचे पैसे बऱ्यापैकी परत येतात, डिजिटल बॉडीचे इतर कुठल्याही डिजिटल कॅमेऱ्यासारखे घसरतात, फक्त जरा सावकाश. लिलावाच्या बातम्यांनी हुरळून जाऊ नका. बार्नाक स्वतः वापरत असलेला झिरो सिरीजचा, म्हणजे विक्रीआधीच्या चाचणी नगांतला, कॅमेरा २०२२ मध्ये १ कोटी ४४ लाख युरोंना गेला हे खरं. तो भाव संग्रहालयात शोभेल अशा एकुलत्या वस्तूचा होता, आणि तुम्हाला सांगितलेला एम १० तसा नाही.

आता खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर. मला विचाराल तर एमचे पैसे खरे इथे वसूल होतात, किंवा बुडतात. तुमच्या निकॉनमध्ये तुम्ही लेन्समधून बघता आणि शटर दाबलं की आरसा वर जातो, क्षणभर अंधार. एममध्ये बाजूच्या स्वतंत्र खिडकीतून बघायचं. सगळं जवळचं-लांबचं सारखंच स्पष्ट दिसतं आणि मधे एक उजळ चौकट तरंगते. चौकटीच्या बाहेरचंही दिसतं. पालखी नाचवताना कोण आत शिरतोय, कोणाचा हात वर जाणार आहे, गुलाल कुठून उडणार आहे, हे ते चौकटीत यायच्या आधी कळतं. मधल्या लहानशा पट्टीत दोन प्रतिमा दिसतात. रिंग फिरवली की लेन्सच्या मागचा आटा कॅमेऱ्यातल्या एका छोट्या चाकाला ढकलतो, त्यानं एक प्रतिमा सरकते, आणि दोन्ही एकावर एक बसल्या की फोकस झाला. सगळं दांडी-चाकावर चालतं. म्हणूनच ते ठोकर लागली की हलतंही आणि परत जुळवून घ्यावं लागतं. तसं जुळवणारा चांगला माणूस तुम्हाला चिपळुणात मिळणार नाही. कुठे पाठवायचं, किती दिवस लागतील, हे घेण्याआधी विचारून ठेवा.

शिमग्याला तर ती पट्टीही बघायची नाही. ३५ मिमी लेन्स एफ ८ वर आणि ३ मीटरवर लावून ठेवली की साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. हे लेन्सवरच कोरलेलं असतं, मोजून बघता येतं. मग फक्त पुढे-मागे व्हायचं आणि दाबायचं. दिवसा पालखीच्या गर्दीत यापेक्षा जलद काही नाही, ऑटोफोकसही नाही. रात्री होम पेटला की गोष्ट बदलते. अ‍ॅपर्चर एफ २ वर उघडलं, म्हणजे लेन्सचं भोक मोठं केलं, की स्पष्ट येणारी जागा आक्रसली, आता प्रत्येक वेळी पट्टी जुळवावी लागणार. आणि नात? दोन वर्षांची पोर एका मीटरवर, एफ २ वर: जेमतेम १० सेंटिमीटर जागेत जे असेल ते स्पष्ट, बाकी धूसर. तुम्ही प्रतिमा जुळवेपर्यंत ती न्हाणीघरात पोचलेली असेल. मुलांचे सुरेख फोटो एमनं काढणारे लोक आहेत, पण त्यांनी त्यासाठी वर्षं घातलीत. तुमच्या निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी नात तीनची होणार, तिला थांबायला वेळ नाही.

चष्म्याबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. जवळचा-लांबचा एकत्र चष्मा असेल तर खिडकीतून बघताना वरच्या, लांबच्या भागातूनच बघावं लागतं, मान थोडी खाली घालून. नाहीतर पट्टीतल्या दोन प्रतिमा नीट वेगळ्या दिसत नाहीत. चष्म्यामुळे डोळा मागे राहतो. २८ मिमी लेन्सची चौकट तर कडांनी कापलीच जाते, ३५ ची बहुतेकांना दिसते, काहींना कोपरे शोधावे लागतात. डोळ्याच्या नंबराची काच खिडकीवर आट्यानं बसवता येते, पण सिलिंड्रिकल नंबर असेल तर तिचा उपयोग नाही. आणि मोतीबिंदूची सुरुवात असली तर पहिली फिकी पडते ती हीच पट्टी. पुण्यात तुम्ही कॅमेरा किती वेळ डोळ्याला लावला होता? हातात घेणं आणि त्यातून तासभर बघणं यात फरक आहे. तिथे मोहात पाडतं ते वजन. काम पडतं ते डोळ्याला.

मग कोकण. समिक्रॉनला पाण्यापासून, धुळीपासून बचावाचं काही सील नाही. गुलालाची पूड, विसर्जनाचा पाऊस आणि तुमच्याकडची जून ते सप्टेंबरची ओल, तिन्ही तिच्या मुळावर. चामड्याच्या पिशवीत कॅमेरा ठेवून कपाटात टाकलात तर श्रावणापर्यंत काचेवर बुरशीची जाळी दिसू लागेल, कारण चामडं ओल धरतं. तुमच्या झूमलाही हे लागू आहे, म्हणून काही घेवो न घेवो, एक घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक आजच आणा. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा, फार कोरडं करायचंही नाही. जेलचा रंग बदलला की तवा गरम करून वाळवायची. विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट उत्तम, पण तुमच्याकडे पावसात वीज किती वेळ असते ते तुम्हालाच ठाऊक.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, हा माणूस लायकाच्या विरोधात आहे. तसं अजिबात नाही. अशी खिडकी ज्याच्या डोळ्याला बसली त्याला दुसरा कॅमेरा वापरताना भिंतीला नाक लावून चालल्यासारखं होतं. प्रश्न एवढाच, की ती तुमच्या डोळ्याला बसते का, हे साडेपाच लाख न घालताही कळू शकतं.

तर असं करा. तुमच्या झूमची रिंग २४ वर फिरवा आणि चिकटपट्टी लावून टाका. तुमच्या लहान सेन्सरवर २४ म्हणजे फुल फ्रेमचा ३६, जवळजवळ समिक्रॉनच. मग तीन मीटरवरच्या खांबावर फोकस करून ऑटोफोकस बंद करा, फोकसच्या रिंगवरही पट्टी. अ‍ॅपर्चर ८. येता शिमगा अख्खा असाच काढा. पालखीचा मुक्काम तुमच्या घरी असेल तेव्हाही पट्टी काढायची नाही. झूम करायला हात शिवशिवला, ‘अजून जवळचं हवं होतं’ असं सारखं वाटलं, तर एका लेन्सचा कॅमेरा तुमच्या स्वभावाचा नाही, आणि तो कितीही महाग असला तरी होणार नाही. उलट चार दिवसांनी पट्टीचा विसर पडला, पाय आपोआप पुढे-मागे होऊ लागले, तर पुढचं पाऊल टाका: मुंबईत किंवा पुण्यात भाड्यानं एम मिळतो का बघा, तीन-चार दिवसांसाठी. अनामत रक्कम दणदणीत मागतील, पण ती परत येते. त्या दिवसांत रोज तासभर तरी चष्म्यासकट डोळ्याला लावा, संध्याकाळच्या उजेडातही.

यातून पार पडलात आणि तरीही हवा असेल, तर दोन वाटा आहेत. माझी आवडती पहिली: फुजीचा एक्स १०० मालिकेतला कॅमेरा. ३५ मिमीच्या तोडीची एफ २ लेन्स, अशीच तरंगत्या चौकटीची खिडकी, शिवाय गरज पडली तर ऑटोफोकस. नव्या एक्स १०० व्हीआयची किंमत तुमच्या साडेपाच लाखांच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या आसपास बसेल. नात आणि पालखी दोन्ही त्यात येतात. दुसरी वाट एमचीच, पण पैशांची वाटणी उलटी: जुनी, स्वस्त बॉडी आणि लेन्स फोग्टलँडरची. हे नाव मूळचं व्हिएन्नाचं, १७५६ चं, पण आता तिच्या लेन्स जपानमध्ये नागानोला कोसिना ही कंपनी बनवते, आणि एमला बसणारी तिची ३५ मिमी एफ २ समिक्रॉनच्या साधारण चौथ्या हिश्शात मिळते. वर्षा-दोन वर्षांत मन रमलं तर समिक्रॉन घ्या आणि ती ठेवा. बॉड्या बदलत राहतील. फिल्मचा एम ६ मी तुम्हाला सुचवत नाही. कॅमेरा म्हणून तो सर्वांत टिकाऊ, पण प्रत्येक रोल कुरिअरनं मुंबई-पुण्याला पाठवायचा आणि स्कॅन येईपर्यंत थांबायचं, हे तुमच्या नातीच्या वयाला परवडणारं नाही.

विक्रेत्याकडे तरी जाणारच असाल, मला माहीत आहे, माणूस जातोच, तर एवढं बघा. लेन्स काढून मागून टॉर्च मारा आणि पुढून बघा: धुकं, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा, काचांच्या जोडावर इंद्रधनुषी डाग, यांतलं काही दिसलं तर परत ठेवा. लेन्सची फोकस रिंग अनंतावर (∞ खुणेवर) लावून लांबच्या टॉवरकडे किंवा चंद्राकडे बघा, पट्टीतल्या दोन प्रतिमा नेमक्या एक व्हायला हव्यात. मग एक मीटरवर तिरकी फूटपट्टी ठेवून एफ २ वर फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा, ज्या आकड्यावर फोकस केला तोच स्पष्ट आहे का. पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वरचा फोटो सेन्सरवरचे डाग दाखवेल. बिल आणि अनुक्रमांक जुळतो का तेही.

मेहुण्यांना सांगा, बॅगेतून आणलेल्या इतक्या महाग वस्तूवर ठरावीक मर्यादेपुढे सीमाशुल्क भरावं लागतं आणि ते बिलासकट विमानतळावर जाहीर करायचं असतं. तो हिशेब धरला की दुबईची स्वस्ताई बरीचशी विरते. येताना त्यांनी एक चांगलं ड्राय कॅबिनेट आणलं तरी पुष्कळ झालं, आणि ते इथेही मिळतं.